दारावरचा गेरू

मुलुंडच्या मृणालिनीबाई कॉलेजात भूगोल शिकवायच्या. भूगोल म्हणजे नद्या आणि डोंगर, एवढंच मला ठाऊक. बाई मात्र आमच्या भांडुपच्या टेकडीवर येऊन विचारायच्या, नळ निवडणुकीच्या आधी आला की नंतर? दिव्याचे खांब कुणाच्या घरापाशी संपले? सरकार कुठवर पोचतं आणि कुठून मागे फिरतं, त्याचा नकाशा काढायचाय म्हणाल्या. मी म्हटलं, काढा बापड्या. गिरणीच्या संपात ह्यांची नोकरी गेल्यापासून आमच्याकडे बोलायला वेळच वेळ होता.

एकाच घरी दोनदा जायला नको म्हणून त्यांनी दारादारावर गेरूने आकडा घातला. आमच्या दारावर एक्केचाळीस. "हा आमच्या अभ्यासाचा आकडा हं, रुक्मिणीताई. सरकारचा नाही," असं त्यांनी जातानाही बजावलं.

त्यांची पाठ वळताच आमचे हे, दत्ताराम, म्हणाले, "अगो, सरकारचोच आसा. सरकारचो माणूस कधी सांगता काय, मी सरकारचो म्हणान?"

टेकडीवर सगळ्यांचं हेच मत पडलं. दारावर आकडा म्हणजे मोजणीत घर, आणि मोजणीतलं घर तुटत नाही, एवढा कायदा शेंबड्या पोरालाही पाठ. पावसात गेरू जाईल म्हणून ह्यांनी वरून लाल ऑइलपेंट फिरवला. दसऱ्याचं तोरणसुद्धा आकडा झाकणार नाही असं बांधलं.

मग खऱ्या मोजणीची माणसं आली, घराघरावर ठोकायचे पत्र्याचे नंबरी बिल्ले घेऊन, टेकडी चढून घामाघूम. ह्यांनी ऐटीत दार दाखवलं. "आमची मोजणी झाली हा."

"झाली? झकास. वाचवलंत, राव," म्हणत तो गृहस्थ पुढे गेला.

शेजारच्या चंपाचं दार वाळवीने खाल्लं होतं. तिथे नुसतं गोणपाट, त्यावर आकडा कुठून येणार? तिला बिल्ला मिळाला. ती बिचारी मागून मोजली गेली, म्हणून आम्ही तिची कीव केली.

पुढे झोपड्या तोडायला आले त्यांनी बिल्ले तेवढे बघितले. चंपाचं गोणपाट राहिलं. हे आमच्या दाराला मिठी मारून आकडा दाखवत ओरडत होते, आणि मी भांडी गोळा करत होते. रडू यायला हवं होतं. आलं नाही.

बाई दुसऱ्या फेरीला आल्या तेव्हा आम्ही चंपाच्या भिंतीला प्लास्टिक बांधून राहत होतो. दार बाहेर टेकवलेलं. हातातला नकाशा आणि ते दार बघून त्यांनी मला सगळं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "मी सांगितलं होतं ना गं?"

"सांगितलं होतंत," मी म्हटलं. त्यांच्यावर चिडावं असंही वाटेना. सुई दिलेल्या दाढेसारखी मी आतून बधिर झाले होते.

"पुन्हा कुणी फसायला नको," असं पुटपुटत त्या खाली बसल्या, माझ्या हंड्यात पदर भिजवला आणि आकडा घासायला लागल्या. खूप घासला.

"ऑइलपेंट हा तो, बाई. जावचो नाय," हे हळूच म्हणाले. "आणि ऱ्हवांदे. परत मोजूक इले तर दाखवूक काय तरी होया."

बाईंचा हात थांबला. मी हंडा उचलून बाजूला ठेवला. ते पाणी उद्यापर्यंत पुरवायचं होतं.