पाँडिचेरीला लागणारं फ्रेंच

आकाराम मुकादम भाचीला घेऊन माझ्या दारात उभे राहिले, तेव्हा मी त्यांना सरळच सांगितलं, "पाँडिचेरीत फ्रेंच लागत नाही. तिथली माणसं तमिळ बोलतात. उगाच पोरीचा वेळ घालवू नका."

"आवं बाई, फ्रेंचांचं राज हुतं तिथं."

"होतं. गेलं ना आता!"

"राज गेलं म्हणून भाषा जाती व्हय? आपल्याकडं इंग्रजी हायच की अजून."

वादात हरले की मला राग येतो. त्याच रागात मी म्हटलं, "उद्यापासून पाठवा."

ही त्र्याहत्तर सालची गोष्ट. सांगलीत मी घरी फ्रेंच शिकवायचे. माझ्याकडे यायची ती मार्कांसाठी आलेली मुलं. संस्कृत झेपत नाही आणि फ्रेंचमध्ये पैकीच्या पैकी पडतात, एवढंच त्यांना फ्रेंचचं प्रेम. फ्रेंच माणूस मीही जन्मात पाहिला नव्हता. आकारामांची ही भाची विजयमाला पहिलीच, जिला ही भाषा बोलायची होती.

तिचं सासर विट्याचं. विट्याकडची माणसं देशभर गलाईची दुकानं टाकतात. जुनं सोनं भट्टीत वितळवायचं, तेजाबात म्हणजे ॲसिडात घालून शुद्ध करायचं, हा त्यांचा धंदा. तिचा नवरा जोतीराम पाँडिचेरीला होता. लग्नानंतर महिनाभर राहून तो गेला, तो वर्षातून एकदा पाहुण्यासारखा यायचा. ही विट्यात सासूजवळ. 'मला कधी नेणार' हे तोंडानं विचारायची सोय नव्हती. सासूनंच एकदा विषय काढला, तेव्हा तो म्हणाला, तिथं आमचा मोठा बंगला आहे, पण शेजारपाजार सगळा फ्रेंच बोलणारा. हिला ते येत नाही तोवर नेऊन काय करू? आली भाषा की नेतो.

तेवढ्या एका शब्दावर ही मामाकडे सांगलीला येऊन राहिली होती. मला तेव्हाच त्या जोतीरामचा संशय आला. पण नवऱ्याच्या शब्दावर अशी विसंबलेली मुलगी समोर बसली की आपली जीभही जरा आवरावी लागते.

मुलगी हुशार होती. नाम, क्रियापद सगळं भराभर उचललं. गाडी अडली ती प्रश्नांवर. फ्रेंचमध्ये प्रश्न तीन तऱ्हांनी करतात. साधं वाक्य बोलून शेवटी आवाज चढवायचा, ही घरगुती तऱ्हा. क्रियापद आधी आणि कर्ता मागून, ही दरबारी. आणि तिसरी, वाक्याआधी 'एस्क' लावायचं. आपला 'का' शेवटी येतो, त्यांचा आधीच येऊन बसतो. विजयमालाला हे 'एस्क' फार आवडलं.

"बरं हाय की ओ बाई. एस्क म्हणलं की समोरचा सावध हुतो, आता ही काय तरी इचारणार म्हणून. एकदम अंगावर गेल्यागत वाटत न्हाई."

एवढं आवडूनही प्रश्न काही तोंडातून निघेना. उत्तरं खडखडीत द्यायची, पण विचारायची वेळ आली की मान खाली. एकदा मी दाराकडे चालत गेले आणि म्हटलं, "मी बाहेर निघालेय. मला विचार, ऊ आले-वू? कुठे निघालात?"

ती नुसती माझ्या पायांकडे बघत राहिली.

"अगं विचार!"

"बाई, भाईर निघालेल्या माणसाला कुठं म्हणून इचारू न्हाई. काम हुत न्हाई त्याचं. परत येऊन बसावं लागतं, पाणी पिऊन मग जायाचं."

"फ्रान्समध्ये विचारतात!"

तिनं बराच विचार केला आणि हळूच म्हणाली, "से ल्वँ?" म्हणजे, लांब आहे का? आपल्याकडे 'कुठं' टाळून 'लांब निघालात का' विचारतात, तसं. मी कपाळावर हात मारून घेतला. पण खरं सांगते, हसू आवरेना. वाक्य बिनचूक होतं.

वर्ष सरत आलं तसं तिला प्रश्न जमायला लागले. घर कसं, बाजार किती लांब, शेजारीण कोण, सगळे पाँडिचेरीचे. मला मात्र धाकधूक. ही इतक्या असोशीनं शिकतेय, आणि तिकडे हिची वाट बघणारं कोणी आहे का?

जोतीराम आला तो तिला विट्याला न्यायला. टेरिलीनचा शर्ट, बोटं भाजून काळी पडलेली, आणि दर दोन वाक्यांमागे खोकला. सुट्टी संपली की एकटाच परत जाणार होता. मी खुर्ची दिली आणि म्हटलं, "आता हिची परीक्षा तुम्हीच घ्या. ती विचारेल, तुम्ही तिथल्या गिऱ्हाइकांशी बोलता तसं बोला."

तो कसनुसा हसला. विजयमाला खाली बघत, पण स्पष्ट म्हणाली, "एस्क ला मेझों ए ग्रांद?" घर मोठं आहे का?

"वुई," तो म्हणाला. हो.

तिचा चेहरा फुलला. "एस्क ला मेझों ए प्रे द ला बुतीक?" घर दुकानाजवळ आहे का?

"वुई, वुई."

मग तिनं मान वर केली. "ऊ एस्क वू दोर्मे?" तुम्ही झोपता कुठे?

"वुई," जोतीराम म्हणाला.

मी हसणार होते, पण तिच्याकडे पाहिलं आणि हसू जिरलं. तिला कळलं होतं. आणि तिला कळल्याचं त्यालाही कळलं. तो उठलाच. "गाडीची येळ झाली. मी हुतो म्होरं, तू ये मामासंगं," म्हणत त्यानं चपला पायात सरकवल्या आणि उंबऱ्याबाहेर एक पाय टाकला.

"कुठं निघालात?"

तिचा आवाज इतका मोठा मी कधी ऐकला नव्हता. मला तर वाटलं, आता हा चिडतो. पण तो तिथंच थबकला. सबंध जन्मात असं कोणी त्याला विचारलं नसणार. मग रीतीप्रमाणं मागं फिरला, चपला काढल्या आणि खुर्चीत येऊन बसला. तिनं आतून पाण्याचा तांब्या आणून त्याच्यासमोर ठेवला आणि पुन्हा विचारलं, या वेळी आपल्या भाषेत, "निजता कुठं तुमी?"

त्यानं पाणी प्यायलं नाही. "दुकानातच," तो म्हणाला. "भट्टीच्या वर माळा हाय, त्येच्यावर. पाचजण निजतो. तेजाबाचा धूर रातभर नाकात. घरी आईला बंगला हाय म्हणून सांगितलं, आता तुला नेऊन दावू काय? म्हणलं फ्रेंच लागतंय. वाटलं, ते कोण शिकवणार हिला? म्हणून म्हणलं."

"मी शिकले की."

"व्हय. ते कळलं तवा दोन घास गेलं न्हाईत मला."

मला त्याचा भयंकर राग आला होता, पण नजर सारखी त्याच्या त्या काळ्या बोटांकडे जात होती. खडसावायला तोंड उघडलं होतं मी. पण विजयमालानं माझ्याकडे पाहिलं आणि मी ते मिटलं.

त्यानं तांब्या जरा बाजूला सरकवला. मग म्हणाला, "मागल्या अंगाला कोळशाची एक खोली हाय. मालक देतो म्हणला तर. तिथं..." खोकला आला, तो थांबला. "येशील का तू?"

आजवर त्यानं तिला सांगितलं होतं, विचारलं कधीच नव्हतं. विजयमालानं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, आणि तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला.

"खिडकी हाय खोलीला?"

"न्हाई."

"मग पाडून घेऊ," ती म्हणाली.