चारचा फोन

जॅझ हे रात्रीचं गाणं, असं गोव्यातल्या आणि पुण्यातल्या हॉटेलांनी मला बारा वर्षं शिकवलं. माझा पहिला अल्बम मात्र आम्ही सकाळी नऊ ते दुपारी चार या वेळात रेकॉर्ड केला, बँकेसारखा. याला कारण एकच, आमचे बासवाले जिनेंद्रकाका.

काका जयसिंगपूरचे. तिथं त्यांचं शेतीच्या पाइपांचं दुकान आहे. तरुणपणी मुंबईला कॉमर्स शिकायला गेले आणि एका हॉटेलात बँडचा बास ऐकून बिघडले, असं ते स्वतःच सांगतात. माणसाहून उंच असं ते वाद्य त्यांनी दुकानामागच्या खोलीत पाइपांच्या सोबतीनं ठेवलं आणि चाळीस वर्षं वाजवलं. कोल्हापूर जिल्ह्यात असा बास वाजवणारं दुसरं कुणी मला माहीत नाही, आणि असलं तरी मला नको. फक्त काकांचं जेवण दिवस मावळायच्या आत, तेही घरचंच, आणि त्यानंतर सकाळपर्यंत पाण्याचा थेंबसुद्धा नाही. जैन घरांत यात काही नवल नाही, पण काका स्वतःला एका दिवसाचीही सूट देत नाहीत. कोल्हापुरात शाहूपुरीतल्या स्टुडिओतून सव्वाचारला निघालं तर साडेपाचला ते घरी पाटावर बसतात. नोव्हेंबरात सहाला अंधारून येतं.

म्हणून चारला सीताबाईकाकूंचा फोन. काका फोन कानाला लावत नाहीत, स्पीकरवर टाकतात आणि सगळ्या खोलीला ऐकवतात. तिकडून काकू म्हणतात, "ऊन कललं." मग थोडा वेळ काहीच नाही. मग, "निघालासा का?" काका म्हणतात, "व्हय, निघालोच." फोन बंद. सहा महिने आमच्या तालमी चालल्या होत्या आणि एकही तालीम या फोनाशिवाय संपली नव्हती.

अल्बममध्ये दहा गाणी घ्यायची होती. नऊ ठरली होती, सगळी माझीच, सगळी इंग्रजी. दहाव्यावर घोडं अडलं होतं. पियानोवाला उन्मेष, जो बंगळुरूहून आठवड्याची रजा टाकून आला होता, त्याचं मत होतं की माझं ते संथ इंग्रजी गाणं घ्यावं. मी ते गायलं की हॉटेलात लोक चमचे खाली ठेवायचे. माझ्याकडे आणखी एक गाणं होतं, पण मी ते कुणाला ऐकवलं नव्हतं. ते मराठी होतं. इंग्रजीत मी वाट्टेल तेवढे प्रेमभंग गाईन, मला काही वाटत नाही. मराठीत नुसतं 'ये' म्हणायचं तरी कान तापतात.

बुधवारी धीर करून गुणगुणले. ध्रुवपद म्हणजे काकूंची दोन वाक्यं, जशीच्या तशी. म्हणताना मी काकांकडे बघायचं टाळलं. ते फडक्यानं तारा पुसत होते. पुसून झाल्यावर म्हणाले, "दहावं हेच घे."

"काका, लोक हसतील."

"हसू देत की. इंग्रजीत तू गातीस चांगली, पण लपतीस."

मला असा राग आला की मी खाली जाऊन एकटीनं मिसळ खाल्ली, वर जादा कट मागून. नाका-डोळ्यांतून पाणी आलं तेव्हा कुठं पटलं की म्हातारा बरोबर बोलला होता.

गुरुवारी ते गाणं पहिल्याच खेपेला झालं. जॅझ गाताना ठेक्याच्या जरा मागं रेंगाळायचं असतं. ठेका पुढं जातो, आपण सावकाश येतो, आणि सगळी गंमत त्या अंतरात असते. 'ऊन कललं' म्हटल्यावर मी इतकी थांबले की उन्मेषनं मान वर करून पाहिलं. काकांचा बास नेमका माझ्याएवढाच थांबला. मग 'निघालासा का?' चारचा फोन यायच्या आत आमचं काम संपलं होतं. त्या दिवशी मी शाहूपुरीतून कसबा बावड्यापर्यंत चालत घरी गेले, इतकी खूश होते.

शुक्रवारी सकाळी ऐकायला बसलो. स्टुडिओ आकारामदादांचा आणि रेकॉर्डिंगही तेच करतात. निवडणुकीची प्रचारगीतं, संस्थांची सुवर्णमहोत्सवी गाणी, रिक्षावरून फिरणाऱ्या जाहिराती, हा त्यांचा धंदा. माणूस कामात पक्का. त्यांनी अभिमानानं बटण दाबलं आणि माझं गाणं शाळेच्या कवायतीसारखं बाहेर आलं. 'ऊन कललं निघालासा का', सगळं एका दमात. वाट बघणारी बाई गेली होती आणि तिच्या जागी एसटीत प्रवाशांना मागं सरकवणारा कंडक्टर उभा होता.

"आकारामदादा, हे काय झालं?"

"ताई, तुम्ही गाणंभर मागं पडत हुतासा. दमला असशीला म्हटलं. रात्री बसून एकेक शब्द, काकांचा बाससुद्धा, ठेक्यावर आणून बसवला."

"आणि मूळचं कुठंय?"

"ते कशाला ठेवायचं? पुसलं की."

बाकीच्या नऊ गाण्यांवर दादा आज हात फिरवणार होते, म्हणून ती तरी वाचली. मग मी जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. दादा चिडले नाहीत, नुसते हिरमुसले. "हितं येणारी सगळी गाणारी हेच करून मागत्यात," एवढंच म्हणाले. आणि ते खरं होतं, म्हणून मला आणखी राग आला. उन्मेषची गाडी त्याच रात्री होती. काय करायचं ते आजच करायचं होतं.

पुन्हा गायला उभी राहिले आणि काही जमेना. पहिल्या खेपेला रागात गायले. दुसऱ्या खेपेला मुद्दाम थांबले, तर ते मुद्दाम थांबल्यासारखंच वाटलं. तिसऱ्याला मनात आकडे मोजून थांबले आणि आकडे ऐकू आले. दुपारी उन्मेष हळूच म्हणाला, "इरावती, ते इंग्रजी गाणं घेऊ या का? एका खेपेत होईल." मी त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं पुन्हा विषय काढला नाही.

चारला काकांचा फोन वाजला. या वेळी त्यांनी स्पीकर लावला नाही, जिन्यात जाऊन बोलले. खरं सांगते, व्यत्यय आला नाही म्हणून मला बरंच वाटलं. ते परत आले, बास उभा केला आणि म्हणाले, "चालू दे." मी घड्याळाकडे पाहिलं नाही. हे लिहिताना मला लाज वाटते आहे.

अकराव्या खेपेला राग धरायचंही त्राण उरलं नव्हतं. दारात उभं राहून रस्त्याकडे बघणारी कुणीतरी बाई तेवढी डोळ्यांसमोर होती. 'ऊन कललं' म्हटलं आणि थांबले. मोजलं काहीच नाही. मग आपोआप 'निघालासा का?' आलं. काचेपलीकडे आकारामदादांनी दोन्ही हात यंत्रावरून उचलले आणि खिशात घातले.

खाली उतरलो तेव्हा दुकानांच्या पाट्यांवर दिवे लागले होते. मी हवेत होते. सगळ्यांना दूध पाजायला कट्ट्यावर घेऊन गेले, कोल्हापुरात संध्याकाळी तिथं म्हशीच आणून उभ्या करतात. गवळ्यानं म्हशीची धार थेट पेल्यात काढून दिली. उन्मेषनं एक पेला संपवला, दादांनी दोन. काका हात मागं बांधून उभे होते.

"काका, घ्या की."

"न्हाय ग. दिवस मावळला."

माझ्या हातात भरलेला पेला होता. ते सकाळी अकराला डब्यातलं जेवले होते. आता उद्या सकाळपर्यंत काही नाही, पाणीसुद्धा नाही. माझ्या अकरा खेपांपायी पासष्ट वर्षांचा माणूस उपाशी राहिला होता आणि मी फेस फुंकत उभी होते.

"मला सांगायचं नाही का, काका?"

"सांगितलं असतं तर तू घाईनं गायली असतीस."

मी भर रस्त्यात रडले. गवळ्यानं पैसे मागायला हात पुढं केला होता, तो मागं घेतला. काका म्हणाले, "एका दिवसानं काय हुतंय? चल, मला बस गाठून दे."

शनिवारी पहिल्या एसटीनं जयसिंगपूर गाठलं. काकूंची बोलणी खायला गेले होते. शिवाय त्यांचे शब्द मी न विचारता उचलले होते. त्या नको म्हणाल्या तर दहाव्या जागी निमूटपणे इंग्रजी गाणं घालायचं, हे मी गाडीतच ठरवलं होतं. काका नुकतेच पाटावर बसले होते. काकूंनी मला काहीच न बोलता उप्पिटाची बशी दिली. ते बोलणी खाण्यापेक्षा जड गेलं. मी मोबाइल खाली ठेवला आणि गाणं लावलं.

काकूंनी उभ्यानंच ऐकलं, हातात पळी तशीच. ऊन कललं. मग ती शांतता. मग, निघालासा का?

गाणं संपल्यावर त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग काकांकडं. "हे माझं बोलणं हाय."

"हो, काकू. आधी विचारायला हवं होतं. तुम्ही नको म्हणाला तर काढून टाकते."

"माझं बोलणं हाय, पण मी अशी थांबत न्हाय. मी एका दमात बोलती. कामं असत्यात मला."

काका बशीतून मान वर न करता म्हणाले, "थांबतीस. दुकानात काळा फोन हुता तवापासनं ऐकतोय."

काकांनी पुरे म्हणून हात आडवा धरला होता, तरी काकूंनी त्यांच्या बशीत आणखी एक पळी उप्पीट घातलं. मग पदर सावरून माझ्यासमोर खाली बसल्या.

"परत लाव," म्हणाल्या.