पहिलं कारण

ते कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे; मुलं त्यांना मागून 'पणसर' म्हणायची. देव आहे हे सिद्ध करणारा एकेक युक्तिवाद ते फळ्यावर सुबक अक्षरात मांडायचे, खडू खाली ठेवायचे, म्हणायचे, "पण..." आणि उरलेल्या तासात त्याच्या चिंध्या करायचे. तीस वर्षं हेच केलं. खोटं कशाला बोला, त्यात त्यांना मजाही यायची.

निवृत्तीनंतर चौथ्या वर्षी त्यांच्या धाकट्या बहिणीची मूत्रपिंडं निकामी झाली. ती शिवणकाम करायची. जन्म मशीनवर वाकून गेलेला. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हापासून पणसर रोज सकाळी तिच्या वॉर्डात जाऊन बसू लागले. पाणी घोटभरच द्यायचं, अशी ताकीद होती. ती मागायची, ते ओल्या कापसानं तिचे ओठ टिपायचे आणि खिडकीकडे बघायचे.

एकदा ती म्हणाली, "दादा, देव कसा सिद्ध करतात ते तू शिकवायचास ना? मला शिकव."

"आत्ता? थकशील."

"पडून पडूनच थकलेय. सांग."

त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा 'पण' गिळायचं ठरवलं. "हे बघ, प्रत्येक गोष्टीला काहीतरी कारण असतं. त्या कारणालाही कारण. असं मागे मागे जातच राहिलं, तर सुरुवातच व्हायची नाही. म्हणजे कुठेतरी पहिलं कारण असलंच पाहिजे. तो देव."

"मग त्याचं कारण कोण?"

"त्याला लागत नाही."

"वा रे वा! आत्ताच म्हणालास, प्रत्येकाला लागतं. आणि कुणाला तरी लागत नसेल, तर जगालाच लागत नाही म्हण की."

असा विद्यार्थी मिळाला असता तर पणसरांनी त्याला डोक्यावर घेतलं असतं. आता ते नुसते कापूस भिजवत बसले.

"बरं, असेल पहिला," ती धाप लागली तरी थांबेना. "पण पहिला टाका घालणारा कपडा पुरा होईपर्यंत असतोच असं थोडंच आहे? मला शिवण शिकवणाऱ्या बाई केव्हाच गेल्या. तो अजून आहे का? मी इथे पडलेय, हे त्याला ठाऊक आहे का?"

"असेल."

"असेल म्हणजे तुला माहीत नाही," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

घरी जाऊन त्यांनी जुन्या वह्या उपसल्या. संध्याकाळपर्यंत उत्तर सापडलं. ते कारण मागे कधी होऊन गेलेलं नाही. दिवा जळतोय तोवर उजेड, तसं ते या क्षणीही जगाला धरून आहे. सकाळी ते जवळजवळ धावतच निघाले.

भाची वॉर्डाच्या दारातच भेटली. "मामा, आई पहाटेपासून शुद्धीवर नाही."

ते खुर्ची ओढून बसले, बहिणीच्या कानाशी वाकले आणि सांगू लागले. अर्ध्यावर त्यांना भोक दिसलं. दिव्याला तरी कुठे कळतं, आपल्या उजेडात कोण बसलंय? ते थांबले नाहीत. सुटी अक्षरं ओळखणाऱ्या मुलाला समजवावं तसं, हळूहळू, एकेक वाक्य पुन्हा सांगत राहिले.

दुपारी ती गेली, तेव्हाही ते बोलतच होते. भाचीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"काय सांगत होतास तिला?"

"काही नाही गं," ते म्हणाले. "तिनं विचारलं होतं."