औषधि बेडा

दानम्माच्या दारात चपलांचा ढीग पडला होता. पेठ वडगावपासून हातकणंगल्यापर्यंतची माणसं रांगेत उभी होती आणि रांग सरकत होती ती एका लाकडी पेटीकडं. पेटीला ना सेल, ना विजेचा प्लग. तिच्यातनं कानाला लावायचं एक डबडं बाहेर आलं होतं. ते कानाला लावलं, की दोन वर्षांपूर्वी गेलेले तिचे नवरे विरूपाक्ष आप्पा बोलतात, अशी गावोगाव बोंब झाली होती.

"हळू कान लावा. आप्पा दमल्यात. कैलासातनं यायचं म्हंजे काय वडगावचा बाजार हाय?" पेटीशेजारी बसलेले नादमहाराज म्हणाले.

रांगेतल्या झुंबरबाईनं कान लावला. "बोलतंया की कायतरी. कानडी वाटतंय."

"मग काय इंग्रजी बोलतील? मायबोली त्यांची." महाराजांनी लगेच पेटीची कवाडं लावून घेतली. दोन शब्दांपलीकडं ते कुणाला ऐकूच देत नसत. "म्हणत्यात, सुनंला मुलगा हाय."

"सून तर माहेरी निघून गेलीया."

"तिकडं हुईल."

रांगेतलं कुणी हसलं नाही. हसण्याइतकी अक्कल शिल्लक असती, तर रांग लागलीच नसती.

तेवढ्यात वर्षाराणी आत आली. दानम्माची लेक, कोल्हापुरात हायस्कुलात विज्ञान शिकवणारी. पेटी तिनंच केली होती. आप्पांनी तरुणपणी हातानं बांधलेला रेडिओ माळ्यावर पडला होता आणि त्याचं खोकं वाळवीनं खाल्लं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिनं तारेचं वेटोळं नव्यानं गुंडाळलं, लहरीतनं आवाज काढणारा फुटका खडा काढून बारका डायोड जोडला आणि शिवणीच्या लाकडाची नवी पेटी घडवली. आकाशवाणीचं सांगली केंद्र लावून आईला दिली, तेवढाच एकटीला विरंगुळा. चूक एकच झाली. हौसेनं तिनं पेटीला पुढं कमान काढली आणि धूळ बसू नये म्हणून दोन कवाडं बसवली. कमान आणि कवाडं म्हणजे देव्हारा, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. आठवड्यात पेटीला हळदकुंकू लागलं आणि त्या वासानं महाराज आले.

आज ती आली होती ती भावाच्या, मृत्युंजयच्या फोनमुळं. अव्वानं, म्हणजे आईनं, साखरेच्या आजाराचं इंजेक्शन बंद केलं होतं, आणि पायाची जखम चिघळली होती.

"अव्वा, इंजेक्शन का सोडलंस?"

"तुझ्या आप्पांनी सांगितलं. 'औषधि बेडा' म्हणाले. औषध नको."

वर्षाराणीनं कवाडं उघडून डबडं कानाला लावलं. वेटोळ्यावरचा केंद्र बदलायचा काटा सांगलीवरनं हलवून कुणीतरी धारवाडवर नेला होता. तिकडं शेतीचा कार्यक्रम चालला होता.

"ऐका सगळे," ती म्हणाली. "हा माणूस कापसावरच्या अळीबद्दल बोलतोय. पावसाच्या तोंडावर औषध मारू नका म्हणतोय. पिकाला. माणसाला नाही."

मग तिनं पेटीमागनं निघून कौलांवरनं चिंचेवर गेलेली बारीक तार दाखवली. तार काढली, आवाज मेला. जोडली, परत आला. काटा सरकवला आणि डबडं रांगेतल्या गुंडूच्या कानाला लावलं. "काय ऐकू येतंय?"

"गुळाचं भाव सांगाय लागलाय."

"मराठीत?"

"मराठीत."

"मग आप्पांनी कैलासात अडत दुकान घातलं म्हणायचं."

दोघंचौघं हसली. वर्षाराणीला वाटलं, सुटलं. पण महाराज त्यांच्याहून मोठ्यानं हसले.

"खरं बोलल्या ताई. तार हीच आत्म्याची वाट. ती बांधली कुणी? ह्यांनी. म्हंजे शक्ती कुणाच्या हातात हाय, बघा तुमीच."

झुंबरबाई वाकली आणि तिनं वर्षाराणीच्या पायावर डोकं ठेवलं. मागनं रांग सरकली. तिनं पाय मागं घेतले, तर तेही लोकांना पटलं. खरी शक्ती असलेली माणसं अशीच लाजतात म्हणे.

ती आईपाशी जाऊन बसली. काटा परत धारवाडवर नेला. "अव्वा, तूच ऐक."

"मला कानडी शिकवतीस व्हय? तुझ्या जल्माआधीपासनं बोलतीया." दानम्मानं बराच वेळ कान लावला. मग म्हणाली, "कापसाचंच म्हणतोय, खरं हाय."

"मग घे ना इंजेक्शन."

"हा कापसाचा हाय. त्या दिवशी बोलले ते तेच होते."

मृत्युंजयला घेऊन तिनं आईला उचलूनच कोल्हापूरच्या दवाखान्यात नेलं, तोवर पाय काळा पडला होता. डॉक्टरांनी पाय काढला. दानम्मा त्यातनं उठली नाही. मातीला आलेल्या महाराजांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "आप्पांनी बोलावून घेतलं." माना हलल्या.

पेटी वर्षाराणी घेऊन गेली. महाराजांचं काही अडलं नाही. उचगावात त्यांनी दुसरी करून घेतली.

बिनसेलचा रेडिओ बोलतो, कारण केंद्रानं पाठवलेल्या लहरी हवेतनं येतात, तार त्या पकडते, वेटोळं त्यातली एक निवडतं आणि त्या लहरीच्याच जोरावर कानात बारीक आवाज होतो. सातवीतल्या पोराला समजेल एवढंच हे आहे. समजत नाही म्हणून माणसं मरत नाहीत. विचारायचंच नाही असं ठरवलंय म्हणून मरतात. तुमच्या घरात कुणाचं औषध बंद करायला सांगणारा आवाज आला, तर तो कैलासातनं येवो नाहीतर शेजारणीच्या तोंडून, कोण बोलतंय आणि कुणाला बोलतंय एवढं विचारा. महाराजांना राग आला तर येऊ दे. त्या रांगेत शंभर माणसं होती, कानडी जाणणारीही होती. दानम्माला ते शब्द ऐकू आले त्या दिवशी त्यांतल्या एकानं जरी विचारलं असतं, "औषध कशावरचं?", तर ती आज जिवंत असती.