तीन वावांची होडी

"मंग्या, दार लागना नाय रे," युसूफ म्हणाला आणि मला हसू फुटलं. माझं तोंडच मेलं तसलं.

मालवणच्या किनाऱ्यावर भर दुपारी वीस फुटी कंटेनर उभा, आत युसूफची होडी, आणि तिची नाळ, म्हणजे पुढचं टोक, दीड वीत बाहेर.

संध्याकाळी जेसीबी येणार होता. किनाऱ्यावरच्या खोप्या तोडायची नोटीस होती. खोपीत राहील ते भंगारात. म्हणून मी होडीला कट्टा गावात, माझ्या परसात जागा दिली. कंटेनरवाल्याने फोनवर विचारलं होतं, वीस फुटी की चाळीस? चाळीस फुटी आत वळवायचा तर माझा फणस तोडावा लागला असता.

"फणस कित्या तोडतंस? होडी तीन वावांची. अठरा फूट. अब्बा खोटा सांगूचो नाय," युसूफ म्हणाला. होडीचं माप त्याच्या अब्बांनी, वडलांनीच घेतलेलं.

वाव म्हणजे दोन्ही हात पसरून होईल तेवढं. आमच्याकडे जाळं, दोर, होडी सगळं त्यातच मोजतात. माझ्या रिक्षात मोजायची टेप होती. मी काढली नाही. फणस कापा जातीचा आहे माझा, कडक गोड गऱ्यांचा.

आता ड्रायव्हर म्हणाला, "दार बंद झाल्याशिवाय गाडी हलणार नाही. अर्धा तास थांबतो."

"चाळीस फुटी मागव," मी ओरडलो. "फणस आत्ता तोडतंय!"

"चार दिवस लागतील."

युसूफची बायको, मरियमभाभी, त्याला म्हणाली, "अब्बांनी काठार खुणा केल्ल्यो मां? बघा तरी."

खुणा होत्या, होडीच्या काठावर, दर वावाला एक. युसूफने एका खुणेवर बोट ठेवलं, दुसरा हात ताणला. पुढच्या खुणेला वीतभर कमी. छाती काठाला टेकवून पुन्हा ताणला.

"पुरना नाय," तो म्हणाला. "अब्बा केवढो होतो रे, मंग्या!"

एरवी मला एक जोक सुचला असता. नाही सुचला.

"करवत दी," तो भाभीला म्हणाला.

नाळ त्यानेच कापली. भाभीने खाली ओढणी धरली, भुसा वाळूत पडू दिला नाही. दार लागलं.

कंटेनरच्या मागे माझी रिक्षा. मागे ती दोघं, युसूफच्या मांडीवर नाळेचा तुकडा. वळणावर मुद्दाम हिसका देऊन पॅसेंजरला किंचाळायला लावायची माझी खोड. त्या दिवशी कट्ट्यापर्यंत खड्डे चुकवत नेली.

कंटेनर परसात उतरला. युसूफने मान वर केली, फणसाकडे बघत राहिला.

"बरो लागलोहा रे यंदा," तो म्हणाला.