कुलूप असलेला खेळगडी

मित्रांनो, जालना शहरातल्या नवीन जालना भागात, एका घरात टीव्हीखालच्या फळीवर एक काळा डबा बसलेला असतो. चालू केला की आधी थोडा घरघरतो आणि मगच कामाला लागतो. तो डबा म्हणजे मी, एक जुना गेम कन्सोल.

माझा जन्म फार दूरच्या देशातल्या एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथल्या हातमोजे घातलेल्या हातांनी माझ्या पोटात बारीक तारा आणि पंखा बसवला. जहाजाने, मग ट्रकने प्रवास करत मी पुण्याला पोहोचलो. तिथे माझा पहिला मालक होता सुमित. नोकरीवरून आला की तो थेट माझ्यासमोर बसायचा, जेवायचाही तिथेच. मित्र आले की माझ्या पाठीवर थाप मारून म्हणायचा, "याच्यासारखा दुसरा नाही." मला फार अभिमान वाटायचा. पण एक दिवस त्याने नवा, पांढरा कन्सोल आणला आणि मला टॉवेलात गुंडाळून जालन्याला, आपल्या गजाननमामांकडे पाठवून दिलं.

गजानन बियाण्यांच्या कंपनीत होते. त्यांची बायको नीला बँकेत जायची. त्यांचा मुलगा स्वानंद पाचवीत होता. मला पाहून तो इतका हरखला की दप्तर पाठीवरच ठेवून माझ्यासमोर बसला. नीलाने मात्र मला लगेच सुरू करू दिलं नाही. ती आधी स्वतः माझ्यापुढे बसली, चष्मा लावून पडद्यावरची माझी एकेक सूचना वाचली आणि मला कुलूप घातलं.

हे कुलूप दिसत नाही, मित्रांनो. स्वानंदच्या नावाने माझ्यात एक खातं उघडलं गेलं. शाळेच्या दिवशी त्याला एक तास. तास संपला की मी खेळ थांबवायचा आणि पडद्यावर लिहायचं, 'आजचा वेळ संपला.' कुलपाचा गुप्त आकडा फक्त नीलाला ठाऊक. शिवाय स्वानंदच्या नावावर कोण किती खेळलं, ते मी तिच्या मोबाइलवर कळवायचं.

सुरुवातीला मला हे अपमानाचं वाटलं. पुण्यात मला कुणी अडवलं नव्हतं. इथे खेळ ऐन रंगात आला की मीच तो तोडायचा आणि स्वानंदचा चेहरा पडलेला पाहायचा. पण हळूहळू सवय झाली. तो उठून खाली क्रिकेट खेळायला जायचा आणि माझा पंखाही निवायचा.

त्याच वर्षी घरात नंदाबाई आल्या. त्या गजाननच्या आई, तीर्थपुरी गावच्या. शेतावर कापूस वेचणाऱ्या बायांवर त्यांचा वचक असायचा. भाद्रपदात त्यांना गावीच लकव्याचा झटका आला, म्हणून गजानन त्यांना इथे घेऊन आले. वेळेवर दवाखाना मिळाला, बोलणं-चालणं सुधारलं, पण उजवा हात मागे राहिला. व्यायाम शिकवणाऱ्या मॅडमनी त्यांना दाबायला एक रबरी चेंडू दिला होता. त्या चेंडूकडे बघायच्यासुद्धा नाहीत.

"हे काय लेकराचं खेळनं देलं मला," त्या म्हणायच्या. "गावाकडं इतकं काम पडलंय, अन मी इथं चेंडू दाबून राह्यले."

मग उजवा हात मांडीवर ठेवून खिडकीबाहेर बघत बसायच्या. तो हात आपला नाहीच, कुणी तरी तिथे विसरून गेलंय, असा तो पडलेला असायचा.

दसऱ्याच्या सुटीत स्वानंदला जोडीदार हवा होता. त्याने माझं दुसरं रिमोट आजीच्या मांडीवर ठेवलं. खेळ साधा होता. पोत्यांनी भरलेला ट्रक घाटातून खाली न्यायचा, माल सांडू द्यायचा नाही. गाडी पळवायची कळ उजव्या हाताच्या पहिल्या बोटाखाली असते. आजींनी ती डाव्या हाताने दाबली.

"तिकडून नाही आजी, ह्या बोटानं," स्वानंद म्हणाला.

"ते बोट माझं ऐकत न्हाई रे बाबा."

"मंग ट्रक उभाच राहील."

ट्रक खरंच उभा राहिला. मागून गाड्या भोंगे वाजवू लागल्या. आजींना ते सहन होईना. त्यांनी दात आवळून ते बोट वाकवायचा प्रयत्न केला, आणि कळ कशीबशी, अर्धीच, पण दबली. ट्रक हातभर पुढे गेला आणि दोन पोती सांडली.

"अरे अरे, माल गेला," आजी म्हणाल्या. "पुन्हा लाव. जल्दी."

सुटी संपली, स्वानंदची शाळा सुरू झाली. घर दुपारी रिकामं असे. आजी दाराला कडी लावून मला चालू करायच्या. त्यांना स्वानंदचंच नाव उघडायला येत होतं, म्हणून त्या त्याच नावाने खेळायच्या. रोज त्यांचं बोट थोडं जास्त वाकायचं. त्या ट्रकशी बोलायच्याही. "बराबर चाल, वळण हाय पुढं." मित्रांनो, सुमितने माझी पुष्कळ स्तुती केली होती, पण इतक्या मनापासून माझ्याशी कुणी खेळलं नव्हतं.

पहिल्याच दिवशी स्वानंद शाळेतून आला, त्याने मला सुरू केलं आणि मी लिहिलं, 'आजचा वेळ संपला.' त्याने आजीकडे पाहिलं. आजी खिडकीकडे बघू लागल्या.

"कुणाला सांगू नको," त्या हळूच म्हणाल्या. "लोकं हसतील मला."

स्वानंदने मान डोलावली, मला बंद केलं आणि बॅट घेऊन खाली गेला. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, आणि तिसऱ्याही.

नीलाला मी सगळं कळवतच होतो. एका संध्याकाळी बँकेतून आल्यावर तिने मोबाइल स्वानंदपुढे धरला.

"आज शाळेत होतास ना?"

"होतो."

"मग दुपारी तुझ्या नावावर कोण खेळलं?"

स्वानंद दप्तराची चेन उघडझाप करू लागला.

"मित्र येतात का घरी, आजी झोपलेल्या असताना? कुणाला किल्ली दिलीस?"

तो बोलेना. गजानन म्हणाले, "जाऊ दे ना, एवढ्याशा खेळासाठी."

"खेळाचं नाही हो," नीला म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता, दुखावलेला होता. "तो माझ्यापासून काही तरी लपवतोय, त्याचं आहे."

आतल्या खोलीत आजी हे ऐकत होत्या. त्या रात्री जेवायला आल्या, पण काही बोलल्या नाहीत. मी तर बोलूच शकत नव्हतो. मला नाव कळतं, वेळ कळतो, हात कुणाचा ते कळत नाही. म्हणून माझ्या खऱ्या आकड्यांनी एक खरं मूल खोटं ठरलं होतं.

स्वानंद खरं सांगेपर्यंत मी बंद, असं ठरलं. नीलाने मला खोक्यात घालून कपाटावर ठेवलं. तिथे धूळ होती, जुन्या सतरंज्या होत्या. खोक्याच्या फटीतून मला खोली दिसत होती. आजींचा हात पुन्हा मांडीवर जाऊन पडला. स्वानंद शाळेतून आला की दोघं एकमेकांकडे न बघता चहा-दूध प्यायची.

काही दिवसांनी एका दुपारी आजींनी स्वयंपाकघरातलं स्टूल ओढत आणलं. डाव्या हाताने कपाट धरलं आणि एक पाय स्टुलावर ठेवला. स्टूल डुगडुगलं. मला ओरडावंसं वाटलं. घरात दुसरं कुणी नव्हतं, स्वानंदही त्या दिवशी शाळेतून परस्पर शिकवणीला जाणार होता. आजी पडल्या असत्या तर संध्याकाळपर्यंत कुणाला कळलंही नसतं.

त्या थांबल्या. वर माझ्याकडे बघितलं. मग पाय हळूच खाली घेतला आणि त्याच स्टुलावर बसून राहिल्या, पार नीला घरी येईपर्यंत.

"आई, स्टूल कशाला ओढलंत?" नीला घाबरून म्हणाली.

"तो डब्बा काढाया. चढत व्हते. मंग म्हटलं, पडले तर तुलाच सुट्टी काढावी लागंल." आजींनी श्वास घेतला. "बस जरा. स्वानंदनं काहीबी केलं न्हाई. दुपारची मीच खेळून राह्यले व्हते. त्याला म्याच गप केल्तं."

नीलाने खांद्यावरची पर्स खाली ठेवली आणि विचारलं, "कोणत्या हातानं?"

आजींनी उजवा हात मांडीवरून उचलला. पहिलं बोट वाकवलं, सरळ केलं, पुन्हा वाकवलं. नीलाने तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तिथेच जमिनीवर बसली.

"आधी का नाही बोललात?"

"लाज वाटली. गावातल्या बाया म्हनतील, नंदाबाई लकव्यानं येडी झाली, लेकरावानी खेळून राह्यली."

शिकवणीहून स्वानंद आला तेव्हा नीलाने त्याला जवळ बोलावलं. "माझं चुकलं रे. मी तुला खोटं ठरवलं."

"मी खोटं बोललोच नाही," स्वानंद म्हणाला. "मी बोललोच नाही."

"तेही पुढच्या वेळी नको. गुपित असलं तर 'गुपित आहे' एवढं तरी सांग."

त्याच संध्याकाळी मी खाली आलो. नीलाने माझी धूळ पुसली आणि माझ्यात नवं खातं उघडलं, 'नंदाबाई' नावाचं. मोठ्या माणसाला कुलूप कशाला, म्हणून ती वेळ मोकळा ठेवायला निघाली, तर आजीच म्हणाल्या, "मलाबी लाव. तो ट्रक मला दुपारचं झोपू देत न्हाई." सगळे हसले. व्यायामाच्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, थोडं थोडं खेळा, मधे हाताला विश्रांती द्या, आणि चेंडूही दाबा. आजींनी कुरकुरत चेंडू उचलला. स्वानंदचा वेळही चौघांनी मिळून ठरवला. त्याने सोमवारचा अर्धा तास सोडला आणि तो रविवारला जोडून घेतला. सोमवारी त्याची मॅच असायची, हे नीलाला त्या दिवशीच कळलं.

कुलूप तेच होतं, मित्रांनो, पण आता मला ते टोचत नाही. 'आजचा वेळ संपला' असं लिहिलं की स्वानंद "हो, माहितीये" म्हणतो आणि उठतो.

संक्रांतीनंतर आजी तीर्थपुरीला परत गेल्या, आपल्या पायांनी बसमध्ये चढून. मधूनमधून त्यांचा फोन येतो. हात अजून पहिल्यासारखा नाही, पण कामाला येतो, असं सांगतात. आता माझं वय झालंय. पंखा जास्त घरघरतो, नवे खेळ मला पेलत नाहीत. तरी मी समाधानी आहे.

तुमच्याकडे माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याला कोरड्या फडक्याने पुसत जा, त्याच्या पाठीमागची हवेची जाळी झाकू नका, रिमोट आपटू नका. कुलूप असेल तर त्याच्यावर रागावू नका, आणि ते लावणाऱ्यावरही नाही. तुमच्या आईबाबांनाही माझा एक निरोप द्या. कुणाचा खेळ बंद करायची वेळ आली, तर घटकाभर त्याच्या शेजारी बसा, आणि आधी नीट विचारा की खेळतंय कोण.