बंद मुठीची राख

मी एक जुनी राख आहे. कोंबड्यांच्या शेडच्या कोपऱ्यात, सुतळीने तोंड बांधलेल्या पोत्यात मी पडून असते. राखेला कसला आला जीव, असे तुम्ही म्हणाल. जीव नाही, मित्रांनो. पण लाज आहे. सगळे जळून गेल्यावरही ती मागे उरते.

एकाच कुंपणाच्या दोन बाजूंना दोन जावा राहत. थोरलीच्या अंड्यांच्या कोंबड्या, धाकटीचे मक्याचे शेत. शेडमागे विष्ठेचा ढीग साचे, माश्या घोंगावत, पावसात तो ओघळून विहिरीच्या दिशेने निघे. म्हणून थोरलीने भट्टी बांधून घेतली. विष्ठा वाळवायची, सुताराकडच्या लाकडाच्या भुशात कालवून जाळायची, त्या उबेवर पिल्ले वाढवायची आणि राख शेताला द्यायची.

"यंदा स्फुरदाचं खत आणू नकोस," ती धाकटीला म्हणाली. "माझी राख घाल. शब्द देते."

"ताई, माझं सगळं वर्ष या मक्यावर आहे हं."

"अगं, मग मी काय तुझ्या वाईटावर आहे?"

शब्द तिने दिला. तो पाळायचा होता मात्र मला.

थोरलीचा हात सढळ. जमिनीला जेवढे जास्त तेवढे चांगले, म्हणून साठवलेली अंड्यांची टरफलेही तिने भट्टीत ओतली. करडी राख तिला अर्धवट कामासारखी वाटे, म्हणून मी पांढरीशुभ्र होईपर्यंत तिने आच उतरू दिली नाही.

आगीत काय घडले ते मला ठाऊक आहे. नत्र धुराड्यातून निघून गेले, निरोपही न घेता. मुळांना बळ देणारे स्फुरद मात्र मागे राहिले. विष्ठेत चुना मुळातच भरपूर, त्यात टरफलांची भर. भुशात पालाश हा दुसरा क्षार नावापुरता. स्फुरदाला हात धरायला चुन्याशिवाय कोणी नव्हते. धग चढत गेली तशी दोघांची मिठी आवळत गेली, आणि मी निवले तेव्हा ती हाडासारखी कठीण झाली होती.

"बघ तरी, पिठासारखी उतरलीय!" मला चिमटीत घेऊन थोरली म्हणाली. त्या कौतुकाने मी फुलून गेले. आज ते आठवले की पोत्यातल्या पोत्यात अंग चोरते.

धाकटीने मला सरीसरीतून पसरले. मका उगवला. अंधारात दाराची कडी चाचपावी तशी कोवळी मुळे मला चाचपू लागली. माझ्यापाशी होते, मित्रांनो, अगदी भरपूर होते. पण देता येईना. माती चुनखडीची. माझी गाठ सोडवील असा आंबटपणा तिच्यात नव्हता. ज्याच्यापाशी काहीच नाही त्याला निदान मान खाली घालावी लागत नाही. मी भरलेली मूठ घेऊन भुकेल्यांच्या पंगतीत बसले होते आणि मूठ उघडत नव्हती.

पानांच्या कडा जांभळ्या पडल्या. रोपे गुडघ्याशी येऊन थबकली.

"ताई," धाकटी कुंपणावरून म्हणाली, "तुमच्या कोंबड्या आता माझ्या मक्यापेक्षा उंच दिसायला लागल्या."

"राख जरा हळू लागू पडते गं. थोडं थांब."

"मी थांबेन हो. मका थांबलाच आहे."

त्यानंतर थोरली कुंपणाकडे फिरकेनाशी झाली. अंडी गोळा करायलाही ती मागच्या दाराने जाई. शेवटी तिनेच माती तपासणाऱ्या बाईंना बोलावले. त्यांनी शेतातली माती नेली, पोत्यात उरलेली मीही थोडी नेली, आणि तपासून परत आल्या.

"राखेत स्फुरद आहे, पण चुन्यानं जखडलेलं. या मातीत सुटायला वर्षं जातील. टरफलं कुणी घातली?"

"मीच," थोरली म्हणाली. "चांगलं म्हणून."

"पुढच्या वेळी टरफलं नकोत. भुशाऐवजी गव्हाचं काड घाला. काडात पालाश असतो. तो मध्ये शिरला की गाठ सैल बसते. आच मात्र बेतानं, नाहीतर राख वितळून भट्टीलाच चिकटेल."

धाकटीने घाईने विकतचे खत घातले, पण वेळ टळली होती. पीक निम्मे आले. कणसे सोलली तर दात पडलेल्या तोंडासारखी. थोरलीने ती पाहिली आणि भट्टीचे दार लावून घेतले. पुन्हा कोणत्या तोंडाने विचारणार?

मग एका सकाळी कुंपणावरून गव्हाच्या काडाची पेंढी धपकन आत पडली. पाठोपाठ दुसरी.

"शब्द देऊ नका आता," पलीकडून आवाज आला. "काड माझं, विष्ठा तुमची. चुकलं तर दोघींचं चुकेल."

थोरली पुढे आली. पेंढीवर हात ठेवून खाली बसली.

त्या काडाबरोबर माझी धाकटी बहीण जन्मली. करडी, खडबडीत, तिला पिठासारखी कोणी म्हटले नाही. पण मुळे तिच्यापाशी आली आणि रिकामी परतली नाहीत. पुढच्या हंगामात मका कुंपणाच्या वर गेला. त्याची सळसळ मला पोत्यात ऐकू येते. बहिणीचा हेवा वाटत नाही, फक्त ती सळसळ ऐकवत नाही.

मित्रांनो, कोणाला आगीत घालण्याआधी त्याच्यासोबत काय घालता ते पाहत जा. माझ्यात काय आहे ते सर्वांनी पाहिले. ते सुटेल कसे, हे आधी कोणी विचारले नाही. निघताना त्या बाई म्हणाल्या होत्या, "आंबट मातीत हिचाही उपयोग होईल." थोरलीने ते ऐकले नाही; ती जांभळ्या पानांकडे पाहत होती. इथे तशी माती नाही. तुमच्या पायांखाली असेल, तर माझी सुतळी सोडा. मला अजून द्यायचे आहे.